समासातली पट्टी

रविवार असला म्हणून खळमावशीच्या घरात सकाळ उशिरा उजाडत नसे. त्या दिवशीही साडेसातलाच स्टोव्हवर मैद्याची खळ रटरटत होती. ती उतरली की त्याच स्टोव्हवर चहा चढणार होता. मागच्या मोरीत लेक कपडे आपटत होती. लेक आठवड्याचे सहा दिवस इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी आणि डॉक्टरांचे कोट धुते, सातव्या दिवशी घरचं. "मला सुट्टी म्हणजे कपड्यांचे मालक बदलतात, बाकी काही नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य.

वह्या-पुस्तकं बांधून देणाऱ्या या बाईला सगळी गल्ली खळमावशी म्हणायची. तिच्या हाताला, केसांना, लेकीच्या मते तिच्या चहालासुद्धा खळीचा वास यायचा. नवरा गेला तेव्हा तो दोन गोष्टी मागे ठेवून गेला होता, एक लोखंडी शिकंजा आणि एक शाळेचं काम. शिकंजा म्हणजे बांधलेली वही दाबून ठेवायचं यंत्र. तो पुढच्या खोलीत अर्धी जागा अडवून बसला होता, एखाद्या न बोलणाऱ्या पाहुण्यासारखा. राहिलेल्या अर्ध्या जागेत नात बसली होती. दहा वर्षांची, घरातलं नाव मुंगी, कारण सारखं काही ना काही उचलून नेत असते आणि कुणाला पत्ता लागत नाही.

मुंगी कापडाच्या पट्ट्या लावत होती. "आजी, सतरा झाल्या. आणखी सतरा कापल्या की चौतीस. तीन कमीच पडणार."

"हिशेब अगदी तोंडावर असतो गं तुझ्या," खळमावशी खळ ढवळत म्हणाली.

"नाही. मला गणित जमत नाही." पट्ट्यांवरून नजर न काढता, एखादीने आपली उंची सांगावी तसं तिनं सांगितलं.

"कोण म्हणालं?"

"कुणीच नाही. जमत नाही, एवढंच."

खळमावशीचा हात थांबला. शाळा सुरू होऊन आठ दिवस झाले होते, फक्त आठ. मागच्या महिन्यापर्यंत ही पोर मोरीच्या फरश्या गुणाकारानं मोजायची. खळ तळाला लागल्याचा वास आला तेव्हा ती भानावर आली, आणि त्याच वेळी दार वाजलं.

शाळेचा शिपाई दार वाजवायचा तो तळहातानं, दोनदा, आणि वर हाकही मारायचा. हे वाजणं बोटाच्या पेरांचं होतं. तीन वेळा, सारख्या अंतरानं. मोरीतलं आपटणंही थांबलं, कारण असं दार वाजवणारं त्यांच्याकडे कुणी येत नसे.

दारात बाई उभ्या होत्या. चौथीच्या वर्गाच्या बाई. तीस वर्षं त्याच वर्गावर, पुढच्या वर्षी निवृत्त होणार. छातीशी कापडी पिशवी, केस नीट मागे बांधलेले, चेहऱ्यावर तेच शांत हसू.

"शिपाई पाय मुरगळून बसलाय," बाई म्हणाल्या. "म्हटलं, आपणच जावं. हजेरीपट आणलाय मावशी, उद्या सकाळी लागेल. थोडी थांबले तर चालेल ना? शिवताना बघायचं होतं एकदा. इतकी वर्षं नुसतं बांधून आलेलं बघितलं."

"बसा की, बाई. घर तुमचंच." खळमावशीनं स्टूल पुसून पुढे केलं. 

बाई बसल्या आणि मुंगीकडे बघून हसल्या. खरं म्हणजे मुंगीकडे नाही. बाईंची एक सवय होती. समोरच्या माणसाकडे बघताना त्यांची नजर त्याच्या डाव्या खांद्याच्या जरा पलीकडे जायची, तिथं काहीतरी लिहिलेलं असावं तशी. मुंगीच्या शेजारच्या रिकाम्या भिंतीकडे बघून त्यांनी प्रेमानं विचारलं, "काय गं बाळ, कितवीत तू?"

मुंगी उठून उभी राहिली. "चौथीत."

"अरे वा. कुठल्या शाळेत?"

"तुमच्याच वर्गात, बाई."

 बाई गडबडल्या नाहीत. "हो का? मग मागे बसत असशील," त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

खळमावशीनं मुंगीला आईला मदत कर म्हणून आत पाठवलं. तिला पुढचं मुंगीसमोर नको होतं.

पुढचं काय असणार, ते तिला ठाऊक होतं. गेली तेवीस वर्षं ठाऊक होतं आणि तिनं ते एकाही जिवंत माणसाला सांगितलं नव्हतं.

शाळेचे हजेरीपट सुट्या कागदांचे यायचे. नवी मुलं येतात, काही गळतात, नावं पक्की व्हायला आठवडा जातो. मग एका रविवारी ते कागद खळमावशीकडे यायचे, शिवून, कापडी पाठ लावून सोमवारी परत. इतर वर्गांचे पट साधेच. चौथीच्या पटात मात्र नावांच्या डावीकडे, समासात, जाड कागदाची बोटभर रुंद पट्टी चिकटवलेली असायची. पट्टीवर पेन्सिलीनं प्रत्येक नावासमोर एक खूण. काहींना गोल, बऱ्याच जणांना टिंब आणि उरलेल्यांना आडवी रेघ. पहिली काही वर्षं खळमावशीनं त्यांच्याकडे लक्षही दिलं नाही. बांधणारा वाचत बसला तर बांधणार कधी?

मग लेक चौथीत गेली. तिसरीपर्यंत पोर अशी होती की शेजारणी आपल्या मुलांना तिच्याजवळ अभ्यासाला बसवायच्या. भंगारवाल्याची मुलगी तर तिच्याच वहीतून पाढे शिकली. वस्तीतल्या तेरा मुलांत ही एक निघणार, असं खळमावशीचा नवरा खोकल्याची उबळ आवरून सांगायचा. आणि त्या वर्षी लेक नापास झाली. भंगारवाल्याची मुलगी वर्गात तिसरी आली.

लेकीला विचारलं तर तिला नीट सांगता येईना. "बाई ओरडत नाहीत गं. मारत तर कधीच नाहीत. मी उत्तर द्यायला उठले की म्हणतात, बस हं बाळ, त्रास नको घेऊस. उत्तर अजून तोंडातच असतं माझ्या." आणि भंगारवाल्याची? "तिला नाही आलं तर बाई थांबतात. कितीही वेळ. ती रडकुंडीला येते, पण बाई थांबतात. मग तिला येतं."

वर्ष संपल्यावर निकालपत्रकं बांधायला आली. त्याच गठ्ठ्यात त्या वर्षीचा पटही होता, पाठ उसवली म्हणून. खळमावशीनं पट उघडला आणि पहिल्यांदाच पट्टी वाचली. लेकीसमोर रेघ. भंगारवाल्याच्या मुलीसमोर गोल. निकालपत्रक शेजारी ठेवलं. रेघा सगळ्या नापास किंवा शाळा सोडून गेलेल्या. टिंबं कशीबशी वर गेलेली. गोल पहिल्या आठांत. एकही इकडचं तिकडे नाही. आठ दिवसांत काढलेल्या खुणा, आणि वर्षभरानं आलेला निकाल, जणू एकावरून दुसरं छापलं होतं.

तिच्या अंगावर काटा आला तो याचा नव्हे. बाई हुशार आहेत, ओळखतात, असं म्हणून ती सोडूनही देती. काटा आला तो पट्टीच्या टोकाशी. पट्टी कुठे लावायची हे कळावं म्हणून बाई एक आडवी खूण करायच्या, अर्धी पट्टीवर, अर्धी कागदावर. पट्टीवरची अर्धी खूण एका ओळीनं खाली होती.

मग तिला तो रविवार आठवला. मैदा संपत आला होता म्हणून खळ पातळ झाली होती. शिवताना पट्टी सुटली, तिनं ती परत लावली आणि ओली असतानाच पट शिकंज्यात दाबला. पातळ खळीवरचा कागद शिकंज्यात चालतो, म्हणजे दाबाखाली सरकतो, हे तिला नवऱ्यानं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. रात्रभरात पट्टी एक ओळ चालली होती. प्रत्येक मुलाला त्याच्या वरच्याची खूण मिळाली होती. तिनं बोटानं ओळ मोजली, पुन्हा मोजली. लेकीची खूण तिच्या खालच्या नावासमोर, भंगारवाल्याच्या मुलीसमोर गेली होती. ती खूण गोल होती.

बाईंनी तिच्या लेकीत गोल बघितला होता. वस्तीतल्या तेरांत तेवढीच एक. आणि सोमवारपासून बाईंनी पोरीकडे न बघता पट्टीकडे बघितलं होतं.

अजून एक होतं. पट्टीचं खालचं टोक शेवटच्या नावाच्या खाली, पट शिवला तेव्हा रिकाम्या असलेल्या ओळीसमोर लोंबत होतं. त्या ओळीसमोर रेघ होती. दिवाळखोर झालेल्या कुठल्याशा गिरणीतल्या कामगाराची मुलगी वर्ष अर्धं झाल्यावर शाळेत आली, तेव्हा तिचं नाव त्या ओळीत लिहिलं गेलं. ती पोर गावात पाय ठेवायच्या आधीपासून रेघ तिची वाट बघत होती. दोन महिन्यांत तिनं शाळा सोडली.

खळमावशीनं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर काय, की माझ्या खळीनं माझी पोर नापास केली? शाळेचं काम गेलं असतं, आणि तेव्हा नवऱ्याच्या औषधाला तेच एक काम होतं. लेक चौथीत दोनदा बसली, सातवीत बाहेर पडली. भंगारवाल्याची मुलगी आता त्याच इस्पितळात रक्त तपासते. तिचा पांढरा कोट लेकच धुते. दोघींचं अजून जमतं, डबाही एकत्र खातात. एकदा घरी आली होती तेव्हा ती खळमावशीला म्हणाली होती, "मावशी, मला कधी कधी असं वाटतं की मला कुणी दुसरीच समजून शिकवलं." लेक हसून म्हणाली, "मग त्या दुसरीला सांग, कोटाच्या खिशात पेन ठेवत जाऊ नकोस. शाई निघत नाही." खळमावशी उठून मोरीत गेली होती, आणि उगाचच हात धूत राहिली होती.

"चहा छान झालाय," बाई म्हणाल्या.

खळमावशीनं कागद जुळवायला घेतले होते. मेण लावलेला दोरा ओवला होता. "पट्टी दिसत नाही यंदा," ती जमेल तितक्या सहज म्हणाली.

"आहे ना." बाईंनी पिशवीतून पाकीट काढलं. "शिवताना सुटते म्हणे, शिपाई सांगत होता. म्हणून सुटीच आणली. तुम्हीच लावा शेवटी. तुमचा हात सराईत."

पट्टी खळमावशीच्या तळहातावर आली. कागद गार होता. तिनं ती पटाच्या समासाला लावून धरली, तर बावीस नंबरसमोर रेघ. बावीस म्हणजे मुंगी.

"आठ दिवसांत बरं ओळखता, बाई, एवढ्या पोरांना."

"आठ दिवस पूर्वी लागायचे." बाई मोकळेपणानं हसल्या. "नवखी होते तेव्हा. एकेकीला बोलवायचे, वाचायला लावायचे, गप्पा मारायचे. मग एक दिवस पुरायला लागला. यंदा तर शाळा उघडायच्या आधीच काढली. ऑफिसातून यादी आली ना. नाव, पत्ता, बापाचा धंदा. बास होतं तेवढं. सवयीनं कळतं, मावशी. तीस वर्षांत एकदाही चुकली नाही माझी पट्टी."

"आणि रेघा असतात त्यांचं?"

"त्यांना मी जपते," बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे खरोखर ओलसर झाले. "चारचौघांत उभं करत नाही. अवघड विचारत नाही. कशाला लाज वाटायला लावायची बिचाऱ्यांना? सगळ्यांत जास्त माया मी त्यांनाच करते."

खळमावशी शिवत राहिली. दाभण आत, दोरा बाहेर. नजर पट्टीवर. एकवीस नंबरसमोर गोल होता. एक ओळ खाली. पातळ खळ, शिकंजा, एक रात्र. समोर बसून बघितलं तरी बाईंना कळणार नव्हतं. मुंगीला गोल मिळाला असता. बाई तिच्यासाठी थांबल्या असत्या, कितीही वेळ. मग तिनं तेवीसवं नाव वाचलं. शिलाईवालीची पोर, मुंगीच्याच बाकावरची, काल संध्याकाळी याच जमिनीवर बसून दोघींनी कागदाची होडी केली होती. तिच्यासमोर टिंब होतं. तिला रेघ मिळाली असती. आणि सगळ्यांत खाली, रिकाम्या ओळीसमोर, काहीतरी पुन्हा कुणाची तरी वाट बघत बसलं असतं.

तिनं खळीत बुडवलेलं बोट पुसून टाकलं.

"बाई, एक सांगायचंय. रागावू नका."

आणि तिनं सांगितलं. पातळ खळ, चाललेली पट्टी, अर्धी खूण, लेकीचा गोल. दाभण हातात घेऊन, खाली बघत, एका दमात. सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की मोरीतलं पाणी केव्हाचं बंद झालंय.

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक नवल पसरलं, आनंदाचं.

"म्हणजे त्या वर्षीसुद्धा चुकली नाही," त्या म्हणाल्या. "एक ओळ सरकूनसुद्धा."

खळमावशीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिनं वर बघितलं. बाई तिच्या डाव्या खांद्यापलीकडे बघत होत्या, शांत, समाधानी. दिवसाउजेडी, स्वतःच्या घरात, तिला मागे वळून बघायची भीती वाटली.

आतल्या दारात लेक उभी होती. हात कोपरापर्यंत साबणानं भरलेले.

"आई," ती म्हणाली. "माझ्यासमोर गोल होता?"

"होता."

लेकीनं मान हलवली. रडली नाही, आरडाओरडा नाही. चौकटीला टेकून उभी राहिली, आणि तिच्या हातांवरचा फेस एक-एक बुडबुडा करत फुटत गेला. थोड्या वेळानं म्हणाली, "मला वाटायचं, मीच मंद आहे. तेवीस वर्षं." मग बाईंकडे वळून, अगदी अदबीनं, "बाई, मी कोण ते आठवतं का तुम्हाला?"

बाईंनी लेकीच्या बाजूची हवा न्याहाळली. "नाही गं, बाळ," त्या दिलगिरीनं म्हणाल्या. "किती जणी येऊन गेल्या."

त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी पिशवीतून पेन्सिल आणि खोडरबर काढून शिकंज्यावर ठेवलं. "मावशी, तुम्ही मोकळेपणानं बोललात. तुमच्या नातीचं मनावर घेतलंत ना? सांगा, गोल काढून देऊ? एवढंच करायचं तर आत्ता करते. फक्त गोल मी आठच ठेवते. हिला दिला तर कुणाचा तरी काढावा लागेल. तुम्हीच सांगा, कुणाचा."

लेकीनं आईकडे बघितलं. खळमावशीनं पट्टी उचलली. आठ गोल मोजले. त्या आठांतली एकही पोर तिच्या ओळखीची नव्हती. प्रत्येकीच्या घरी कुणीतरी आज चहा करत असणार, कुणी कपडे धूत असणार.

तेव्हा तिला त्या सरकलेल्या पट्टीचं दुसरं टोक आठवलं, जे तिनं इतक्या वर्षांत कधी नीट धरून बघितलं नव्हतं. खाली एक रेघ जास्त झाली होती, तर वर एक जागा रिकामी राहिली होती. पहिल्या नंबरसमोर त्या वर्षी काहीच नव्हतं. वस्तीतलीच पोर होती ती, इमारतींचे जिने झाडणाऱ्या बाईची. बाईंना वाटलं असेल, आपण खूण करायची विसरलो. वर्षभर रोज सकाळी तिचं नाव घ्यायचं आणि समासात काही नाही, म्हणून मान वर करून पोरीकडेच बघावं लागलं असेल. विचारावं लागलं असेल, ऐकावं लागलं असेल. ती पहिली आली नाही, नापासही झाली नाही. कधी वर गेली, कधी खाली. आणि निकालपत्रकात तिच्या नावापुढे बाईंनी हातानं लिहिलं होतं, साऱ्या तीस वर्षांत तेवढंच एक वाक्य: हिच्याबद्दल आत्ताच काही सांगता येत नाही.

मुंगी आईच्या मागून डोकावत होती. बाईंची नजर तिच्या डावीकडे जाऊन स्थिरावली.

खळमावशीनं खोडरबर बाईंच्या हातात दिलं, पट्टी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि बावीस नंबरच्या रेघेवर बोट टेकवलं.

"गोल नको, बाई," ती म्हणाली. "माझ्या नातीसमोरची जागा यंदा कोरी ठेवा."